हुमानांची घोंगडी

मी घोंगडी बोलतेय. काळी, जाडजूड, काठाला पांढऱ्या लोकरीची एकच रेघ असलेली. माझ्यावर बसून लोकांनी जेवढी डोकी खाजवली, तेवढी दुसऱ्या कुठल्या घोंगडीवर खाजवली नसतील, हे मी छातीठोकपणे सांगते. मला छाती नसली तरी.

लोहाऱ्याच्या बाजूला एका वस्तीवर सिदू धनगर राहायचा. त्याच्या मेंढ्यांच्या पाठीवर मी ऊन-वारा खात वाढले. त्याच्या भावानं कात्रीनं मला उतरवलं, सिदूच्या बायकोनं, नागूबाईनं मला पिंजलं आणि सूत काढलं. मग सिदू खड्ड्यातल्या मागावर पाय सोडून बसला. त्यानं दोन लांब पट्ट्या विणल्या, मधोमध जोडल्या, चिंचोक्याची खळ पाजली आणि मला उन्हात ताणून ठेवलं. खळ वाळली की अंग असं कडक होतं, की आपण घोंगडी आहोत का पत्रा, हेच कळत नाही. पुढं माझं सगळं आयुष्य कोड्यांत गेलं. पण पहिलं कोडं मला माझंच पडलं होतं.

लोहाऱ्याच्या बाजारातून मला शांताक्कानं आणलं. तिचं गाव तिथून दीड तासाच्या पायवाटेवर. वाणीगल्लीत तिचं घर, घरापुढं दगडी ओटा आणि ओट्याला लागून किराण्याचं दुकान. नवरा मागंच गेलेला. दुकान तिचा एकुलता मुलगा महांतप्पा चालवायचा. सोमवारी महादेवाचा वार म्हणून दुकान बंद असायचं, आणि त्या दिवशी दुपार कलली की मला ओट्यावर अंथरलं जायचं. गल्लीची बैठक भरायची.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. दूर कुठंतरी मोठी लढाई चालू होती, तिच्यापायी इकडं रॉकेल आणि साखर दिसेनाशी झाली होती. बैठकीत आधी गावच्या बातम्या निघायच्या. तुळजापूरची मोटार कुठल्या ओढ्यात रुतली, कुणाची म्हैस आटली, कुणाच्या विहिरीला खारं पाणी लागलं. बातम्या संपल्या की शांताक्का उंबऱ्यात बसून म्हणायची, "बरं, आता हुमान घाला." हुमान म्हणजे कोडं. मग बघता बघता सगळे गप्प व्हायचे आणि माझे हाल सुरू व्हायचे.

कारण माणसाला उत्तर आलं नाही की तो आधी आभाळाकडं बघतो, मग पायाच्या अंगठ्याकडं, आणि शेवटी बसल्या जागची लोकर उपटायला लागतो. बंडप्पा तेली कायम माझ्या मधोमध बसायचा. वजनदार माणूस, उत्तर मात्र कधीच यायचं नाही. त्याच्या जागेवर मला वर्षभरात टक्कल पडलं. भीमाशंकर गुरुजी खाजगी शाळा चालवायचे. ते कडेला गुडघे मोडून बसायचे. त्यांना उत्तर आलं की ते लगेच बोलायचे नाहीत, आधी उपरण्यानं चष्मा पुसायचे. तो चष्मा पुसला जाताना दिसला की बाकीचे घाईघाईनं वाटेल ती उत्तरं द्यायचे. बायका उंबऱ्याच्या आत बसायच्या. त्यांचं मी फक्त हसू ऐकायची.

दुसऱ्या वर्षी महांतप्पाचं लग्न झालं आणि गुलबर्ग्याकडची इरम्मा घरात आली. तिला मराठी येत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात शेजारची नागम्मा काय हवं-नको विचारायला आली, तेव्हा इरम्मानं दूध मागितलं. कानडीत दुधाला हालू म्हणतात. "हालू पायजे," ती म्हणाली. नागम्माला ऐकू आलं, 'हाल पायजेत.' झालं. सगळ्या गल्लीत बातमी फिरली, की शांताक्काच्या सुनेला या घरात हाल पाहिजेत म्हणे. महिनाभर विहिरीवर तोच विषय. बायकांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण इरम्मानं तोंडच मिटून घेतलं. अत्तीनं, म्हणजे सासूनं विचारलं तरी मानेनंच हो-नाही करायची.

माझ्याशी मात्र ती बोलायची. सोमवारी बैठक उठली की मला झटकायचं, उन्हात टाकायचं आणि काठ उसवला असेल तर शिवायचा, हे काम तिच्याकडं आलं. सुई ओढता ओढता ती त्या दिवशीची हुमानं हळूच म्हणून बघायची. आधी नुसता ताल, मग शब्द, मग अर्थ. दाराआड बसून ती प्रत्येक शब्द वेचत होती. तिला मराठी शिकवलं ते हुमानांनी. चुकलेला शब्द ती दोनदा म्हणायची आणि दुसऱ्यांदा बरोबर आला की टाका जरा जास्तच ओढायची. माझ्या काठाला अजून काही टाके घट्ट आहेत, ते त्या दिवसांतले.

एका सोमवारी गुरुजींनी हुमान घातलं: "चार झरे, एक डोंगर, आभाळ कोरडं, पूर पांढरा." सगळे डोंगर आठवून झाले. नळदुर्गापासून बालाघाटापर्यंत झाले. बंडप्पानं माझी बचकभर लोकर उपटली. तेवढ्यात दाराआडून आवाज आला, "हालू."

आधी हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, सूनबाई अजून हालच मागतीय. पण शांताक्काला कानडी कळत होतं. तिनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "दूध म्हनतीया ती. म्हशीची धार. चार सड, एक म्हैस. बरोबर हाय का न्हाय, गुरुजी?"

गुरुजींनी चष्मा न पुसताच मान डोलावली. नागम्मानं पदर तोंडाला लावला. त्या दिवशी मला उचलताना इरम्मा गुणगुणत होती.

आता खऱ्या गोष्टीकडं येते.

त्या साली पौष महिन्यात सरकारी लेव्हीचं धान्य गोळा करणं चालू होतं. घराघरातून ज्वारी नेली जात होती. त्या कामावर पोलिसांचे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, गावच्या चावडीवर येऊन राहिले होते. माणूस ठेंगणा, पोट सुटलेलं, डोक्यावर लाल रुमी टोपी. सभा-बैठकांवर त्यांची बारीक नजर असायची. परवानगीशिवाय माणसं जमलेली सरकारला चालत नव्हती. आमची बैठक आजवर कुणाच्या नजरेत आली नव्हती, कारण हुमानांना कुणी सभा म्हणेल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

त्या सोमवारी महांतप्पाची पाळी होती. तो म्हणाला:

"मान आखूड, पोट मोठं,
डोक्यावर लाल टोपी;
गावाचं दाणं गिळून
कोपऱ्यात घेतं झोपी."

मी तुम्हाला अगदी खरं सांगते, त्यानं घातलं ते कणगीचं. घराच्या कोपऱ्यात धान्याची कणगी असते, तिचं झाकण लाल मातीनं लिंपतात, त्याचं. पण बैठकीत पहिल्या ओळीलाच कुणीतरी खुदकन हसलं, दुसऱ्या ओळीला दोघं हसले, आणि शेवटी बंडप्पा पोट धरून माझ्यावर लोळला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला उत्तर आलं होतं, आणि ते चुकीचं होतं. नेमका त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी अमीनसाहेबांचा जवान उभा होता.

दिवे लागायच्या आत महांतप्पाला धरून नेलं. परवानगीशिवाय सभा भरवली आणि सरकारी अंमलदाराची टवाळी केली, असे दोन आरोप. उद्या सकाळी तहसीलदारसाहेब लेव्ही बघायला येणार होते. त्यांच्या समोर उभं करून जिल्ह्याला पाठवणार, असं जवान सांगून गेला. जिल्ह्याच्या तुरुंगात गेलेला माणूस केव्हा परत येईल, याचा त्या काळात नेम नव्हता.

सकाळी गल्ली ओट्यापुढं उभी होती, पण ओट्यावर कुणी चढेना. भीमाशंकर गुरुजी शहाणे माणूस. ते म्हणाले, आपण चार माणसं चावडीवर गेलो तर त्यालाच सभा म्हणतील आणि महांतप्पाचं प्रकरण आणखी जड होईल. बंडप्पा मान खाली घालून उभा होता. आपल्या हसण्यानं हे झालं, हे त्याला कळत होतं. शांताक्का कधी नव्हे ती सुन्न बसली होती.

तेवढ्यात इरम्मानं मला खुंटीवरून काढलं. घडी घालून काखेत घेतलं आणि उंबरा ओलांडून ओट्यावर आली. लग्नानंतर इतक्या माणसांपुढं ती पहिल्यांदाच उभी राहिली होती.

"अत्ती," ती सासूला म्हणाली, "भांडाया न्हाय जायचं. हुमान घालाया जायचं. आमी काय करतो ते सायबांस्नी दावू."

कुणी काही बोलायच्या आत ती पायऱ्या उतरली. तिच्या काखेत मला तिचं काळीज उडताना कळत होतं, पण पाऊल अडखळत नव्हतं. मागून शांताक्काच्या वहाणांचा आवाज आला. मग नागम्माच्या बांगड्यांचा. वळणावर मी वाकून पाहिलं, तर बंडप्पासकट सगळी गल्ली येत होती. आणि सगळ्यांत मागं, उपरणं सावरत, गुरुजीसुद्धा.

चावडीवर तहसीलदारसाहेब नुकतेच घोड्यावरून उतरले होते. वय झालेलं, दाढी पांढरी, गुडघा धरून चालत होते. त्यांच्या सामानाची गाडी मागं राहिली होती, त्यामुळं खुर्ची नाही, जाजम नाही. पौषातला दगड बर्फासारखा. साहेब बसायचं कुठं म्हणून बघत होते. इरम्मा पुढं झाली, तिनं मला चावडीच्या ओट्यावर अंथरलं, दोन्ही हातांनी सुरकुती काढली आणि बाजूला झाली. अमीनसाहेब तिच्यावर खेकसले, हे घाणेरडं उचल म्हणून. तहसीलदारांनी जोडे काढले आणि ते माझ्यावर मांडी घालून बसले. ऊब लागली तसा त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. त्यांच्या गुडघ्याला बरं वाटतंय, हे सगळ्यांच्या आधी मला कळलं.

महांतप्पाला पुढं आणलं. अमीनसाहेबांनी आरोप सांगितले. तहसीलदारांनी विचारलं, टवाळी काय केली? अमीनसाहेबांनी हुमान म्हणून दाखवलं. तहसीलदार म्हणाले, यात तुमचं नाव कुठं आहे? अमीनसाहेब अडखळले. मान आखूड, पोट मोठं, लाल टोपी, हे आपलंच वर्णन आहे असं भर चावडीत कसं म्हणायचं? त्यांचा हात पोटावर गेला, टोपीकडं गेला आणि परत खाली आला. कुणी हसलं नाही. गल्लीतल्या माणसांनी त्या वेळी हसू कसं दाबलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

महांतप्पानं हात जोडून सांगितलं, "कणगी हाय, सायब. आमच्या घरात येऊन बघा."

तहसीलदारांनी दाढी कुरवाळली. त्यांच्या बोलण्याचा अर्थ असा, की सभा भरवणारे सगळेच आता म्हणतील, आम्ही कोडी घालत होतो. तुम्ही खरंच तेच करता हे मी कशावरून मानू? माझ्या आईचं एक कोडं आहे. गल्लीतल्या कुणीही सोडवावं. सुटलं तर माणूस तुमचा. नाही सुटलं, तर तो माझ्याबरोबर जिल्ह्याला येईल. आणि त्यांनी त्यांच्या दखनीत, म्हणजे इकडच्या बोली उर्दूत, कोडं घातलं:

"गोल बादल घुमता ऊपर, बिन बिजली, बिन पानी;
सूकी बारिश उतनी गिरती, जितना गाती रानी."

वर गोल ढग फिरतो, वीज नाही, पाणी नाही. राणी जेवढं गाते तेवढा कोरडा पाऊस पडतो. माणसांनी आभाळाकडं पाहिलं, मग अंगठ्याकडं. बंडप्पाचा हात सवयीनं माझ्याकडं आला आणि साहेबांना बघून मागं गेला. कुणी म्हणालं धुरळा, कुणी म्हणालं टोळधाड. साहेब प्रत्येक वेळी मान हलवायचे. गुरुजींनी चष्मा पुसला, डोळ्याला लावला आणि परत पुसायला घेतला. तेव्हा मी समजले, की आज त्यांनाही उत्तर आलेलं नाही. महांतप्पाचा चेहरा उतरत चालला.

इरम्मानं डोळे मिटले होते. तिच्या माहेरी शेजारी अत्तारांचं घर होतं. दखनी ऐकतच ती मोठी झाली होती. ती पुटपुटत होती, "जितना गाती रानी... जितना गाती..." आणि पुटपुटताना तिचा उजवा हात नकळत गोल फिरायला लागला. दोन फेरे झाले आणि तिनं डोळे उघडले.

"जातं," ती म्हणाली. "वरली तळी ढग. पीठ म्हंजी कोरडा पाऊस. अन् रानी म्हंजी आमी बाया. गानं थांबलं की पीठ बी थांबतंय."

तहसीलदारांनी मान डोलावली आणि सांगितलं, की त्यांची आई दळताना हेच म्हणायची. महांतप्पाच्या हातांची दोरी सोडायचा हुकूम झाला. शांताक्कानं डोळ्याला पदर लावला. सगळे निघायच्या बेतात होते. पण साहेबांना रंग चढला होता. ते इरम्माला म्हणाले, आता तू एक घाल.

नागम्मानं तिला मागून चिमटा काढला, की झालं तेवढं पुरे, घरी चल. इरम्मानं मात्र साहेबांकडं बघितलं, मग जरा खाली बघितलं, आणि म्हणाली:

"एकाच्या पाठीवर वाढली,
दुसऱ्यानं उतरवली,
तिसऱ्याच्या पायाशी विनली;
चवथा बसला तिच्यावर
अन् हुडकतो गावभर."

हे हुमान तिनं कुणाकडून ऐकलेलं नव्हतं. तिथल्या तिथं, उभ्या उभ्या जुळवलेलं होतं. आणि मला, माझ्या मेल्या अंगावरच्या केसाकेसाला, उत्तर कळलं होतं. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण तोंड कुठून आणू!

साहेब विचारात पडले. घोड्याचं खोगीर, ते म्हणाले. इरम्मानं मान हलवली. बाज? नाही. अमीनसाहेबांनाही राहवेना, ते म्हणाले चामडं. तेही नाही. चहा आला, कपात निवून गेला. साहेब दाढी कुरवाळत होते आणि दुसऱ्या हातानं, देवाशपथ सांगते, माझी लोकर उपटत होते. उपटलेली लोकर बोटांत धरून ते गावातल्या घरांवर नजर फिरवत उत्तर शोधत होते. शेवटी त्यांनी दोन्ही हात वर केले. हरलो म्हणाले.

"सायब, जरा उठा," इरम्मा म्हणाली, "मंग सांगते."

ते उठले. तिनं वाकून मला दोन्ही काठांनी धरलं, उचललं आणि सगळ्या चावडीपुढं फाडकन झटकलं.

आधी साहेब हसले. बोटांतली लोकर बघून हसतच सुटले. मग गल्ली हसली. रात्रभर कोंडलेलं, सकाळपासून दाबलेलं ते सगळं हसू एकदमच बाहेर पडलं. महांतप्पा बायकोकडं असा बघत होता, जणू तिला आजच पहिल्यांदा पाहिलं. आणि अमीनसाहेब? त्यांनी लाल टोपी काढली, डोकं खाजवलं आणि तेही हसले. टोपी काढल्यावर ते मुळीच कणगीसारखे दिसत नव्हते.

निघताना तहसीलदारांनी कागद मागवला आणि उर्दूत चार ओळी लिहून दिल्या. गुरुजींना उर्दू येत होतं. त्यांनी चावडीच्या पायरीवरच वाचून दाखवलं. वाणीगल्लीत सोमवारी कोड्यांची बैठक भरते, ती सभा नव्हे, तिला कुणी अडवू नये. शांताक्कानं तो कागद कपाळाला लावला. येताना ती सुनेच्या काखेतून मला घ्यायला लागली, की दमली असशील म्हणून. इरम्मा देईना. शेवटी एक टोक सासूनं धरलं, एक सुनेनं, आणि मी दोघींच्या मधून झोळीसारखी डुलत गल्लीत आले. मेंढीच्या पाठीवरून उतरल्यापासून माझी अशी वरात कधी निघाली नव्हती.

पुढच्या सोमवारी शांताक्कानं सांगून टाकलं, की आता बायका उंबऱ्याआड बसायच्या नाहीत. मला आडवं अंथरलं आणि अर्धी जागा बायकांची झाली. पुरुष थोडे दाटीवाटीनं बसले, कुरकुरले आणि दोन आठवड्यांत विसरले. लोहाऱ्याहून लोक येऊ लागले. इरम्माची मराठी अजूनही मधेच कानडीकडं वळायची, पण आता शब्द अडला की गल्लीच तिला विचारायची, तुमच्याकडं याला काय म्हणतात? असं करत नागम्मा निम्मी कानडी शिकली. बदली व्हायच्या आधी अमीनसाहेबही एकदा येऊन माझ्या कडेला बसून गेले.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. त्याचे पहिले काही महिने वाईट गेले. मारहाणीच्या, लुटालुटीच्या भीतीनं बैठक बंद, दारं बंद. पण भाद्रपदात निजामाचं राज्य संपल्याची बातमी आली आणि त्या दिवशी सोमवार नसतानाही इरम्मानं मला बाहेर काढलं. ओटा पुरेना, म्हणून गल्लीच्या मधोमध अंथरलं. त्या दिवशी माझ्यावर किती माणसं बसली हे विचारू नका. शिवण उसवेपर्यंत बसली.

आता त्यालाही वर्ष झालं. माझा पांढरा काठ पिवळा पडलाय. बंडप्पाच्या जागेवर आता नुसतं टक्कल राहिलेलं नाही, सरळ भोक पडलंय. तो आपला बोटं घालून बसतो. महांतप्पा नवी घोंगडी आणायचं म्हणतो. इरम्मा म्हणते, आणा, थंडीला पांघरू. ओट्यावर मात्र हीच. माझ्याविषयी कुणी एवढं म्हणावं, यापेक्षा घोंगडीला आणखी काय हवं?

म्हणून एकच मागणं आहे. घरातलं जुनंपानं अंथरूण टाकून द्यायच्या आधी एकदा ते दारापुढं अंथरा. दोन शेजारी येऊन बसतील, चार बातम्या सांगतील, एखादं हुमान घालतील. आणि या बाजूला आलात, तर सोमवारी दुपार कलल्यावर वाणीगल्लीत या. वहाणा पायरीखाली काढा. डाव्या अंगाला लोकर अजून दाट आहे, तिथं बसा. जागा मी देईन. उत्तर मात्र तुमचं तुम्हीच द्यायचं.